कुलूप, किल्ली आणि परवलीचा शब्द

मोटारीची एक जादा किल्ली हाताशीं असावी म्हणून गृहस्थ रस्त्याच्या कडेला बसलेल्या किल्लीवाल्याकडे जातो. किल्लीवाला मूळ किल्लीबरहुकूम दुसरी घासून देतो. दार उघडतें, किल्ली फिरते. परंतु इंजिन क्षणभर धडधडून बंद पडतें. गृहस्थाला वाटतें, गाडी बिघडली. वास्तविक गाडी ठणठणीत असते. ही किल्ली आपली नव्हे, एवढेंच तिनें ओळखलेलें असतें. गाडी जागची हलूं न देणाऱ्या या योजनेला इमोबिलायझर म्हणतात. केवळ धातूच्या दांत्यांवर विश्वास न ठेवण्याचें हें शहाणपण कुलुपांना कसें आलें, याचा इतिहास आजच्या भाषणांत सांगावयाचा आहे. त्या इतिहासांत एक वाद पुनःपुन्हा डोकें वर काढतो: कुलुपाचें वैगुण्य चव्हाट्यावर मांडावें, कीं झांकून ठेवावें?

प्रारंभ लंडनमध्यें करूं. पिकॅडिली भागांतील जोसेफ ब्रामाच्या दुकानाच्या खिडकींत १७९० च्या सुमारापासून एक कुलूप ठेवलेलें असे. तें उघडणारें हत्यार जो करून दाखवील त्याला दोनशें गिनी बक्षीस, असें आव्हान त्यासोबत लिहिलेलें होतें. साठ वर्षें तें आव्हान कोणास पेललें नाहीं. पुढें १८५१ सालीं लंडनला मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें. त्यानिमित्त आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिरानें प्रथम चब्ब यांचें नामांकित कुलूप अवघ्या २५ मिनिटांत उघडलें; मग तो ब्रामाच्या कुलुपाकडे वळला. १६ दिवसांच्या अवधींत एकूण ५१ तास खपून त्यानें तेंहि उघडलें. मोठी खळबळ उडाली. हा मनुष्य चोरांना विद्या शिकवितो, असा आक्षेप निघाला. त्यावर हॉब्जचें म्हणणें असें कीं, चोर आपल्या धंद्यांत आधींच पारंगत असतात. अज्ञानांत राहतो तो बिचारा कुलूप विकत घेणारा.

हाच विचार १८८३ सालीं निराळ्या क्षेत्रांत सूत्ररूपानें मांडला गेला. ऑग्यूस्त केर्कहोफ्स या पॅरिसमधील भाषाशिक्षकानें लष्करी सांकेतिक लिपीवर एक निबंध लिहिला. त्यांतलें तत्त्व असें: लिपीची रीत शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडूं नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. जी रीत लपविल्यावांचून टिकत नाहीं, ती मुळांतच कच्ची.

मोटारींना हें तत्त्व उमगावयास मात्र शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. आरंभीच्या मोटारी दांडा फिरवून चालूं करीत. १९१२ सालीं कॅडिलॅक गाडींत विजेनें चालणारा स्टार्टर आला. पुढें किल्लीनें इंजिन सुरू करण्याची पद्धत रूढ झाली. पण त्या किल्लीचें काम विजेचा मार्ग जोडण्यापुरतेंच होतें. चोर चाकाखालच्या तारा ओढून एकमेकींना जोडी, कीं किल्लीची मातब्बरी तेथेंच संपे. १९८६ सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्सनें कॉर्व्हेट गाडीच्या किल्लींत विजेला ठराविक अडथळा करणारी एक बारीक गोळी बसविली. गाडी तो अडथळा मोजी व माप जुळलें तरच इंजिन चालूं देई. चुकीची किल्ली लागल्यास ती कांहीं मिनिटें कोणाचेंच ऐकत नसे. युक्ति चांगली, पण मापें होतीं पंधरा. धीर धरणाऱ्या चोराला पंधरा किल्ल्या पुरेशा होत्या.

आतां गडाच्या दरवाज्यावरील पहारेकरी डोळ्यांपुढें आणा. रात्रीं येणाऱ्याला तो परवलीचा शब्द विचारतो. शब्द तोच राहिला, तर झुडुपाआड लपलेला शत्रु तो ऐकून दुसऱ्या रात्रीं खुशाल आंत शिरेल. म्हणून पहारेकऱ्यानें दर वेळीं नवा प्रश्न करावा, आणि ज्याला मूळ गुपित ठाऊक आहे त्यालाच उत्तर देतां यावें, हें उत्तम. सांकेतिक किल्लीचें काम असेंच चालतें. तिच्या मुठींत एक चिमुकली विद्युत्-चकती असते. तिला बॅटरी लागत नाहीं. कुलुपाच्या तोंडाभोंवतीं तारेचें वेटोळें असतें. त्यामुळें सेकंदास सुमारें सव्वा लाख आंदोलनें करणारें चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें, आणि त्यांतूनच चकतीला वीज मिळते. गाडी वाटेल तो एक आंकडा निवडून विचारते. चकती त्या आंकड्याचें आपल्या गुप्त आंकड्याशीं ठरलेल्या रीतीनें मिश्रण करून उत्तर पाठविते. गाडीनेंहि तेंच गणित मनाशीं केलेलें असतें. दोन्ही उत्तरें जुळलीं तरच इंजिनाला पेट्रोल व ठिणगी मिळते. गुप्त आंकडा मात्र एकदांहि उच्चारला जात नाहीं.

१९८९ नंतर मध्य युरोपच्या सरहद्दी खुल्या झाल्या, तसा चोरीच्या मोटारींचा ओघ वाढला. जर्मन विमा कंपन्यांनीं अशा यंत्राचा आग्रह धरला. १९९५ सालीं युरोपीय संघानें नियम केला आणि ऑक्टोबर १९९८ पासून प्रत्येक नव्या खासगी मोटारींत इमोबिलायझर सक्तीचा झाला. हॉलंडमधील दोन अर्थशास्त्रज्ञांनीं १९९५ ते २००८ या काळाचा हिशेब काढला, तेव्हां या यंत्रामुळें मोटारींच्या चोऱ्या सुमारें ४० टक्क्यांनीं घटल्याचें आढळलें.

एवढ्यावर कथा संपती तर बरें होतें. पण कित्येक कारखानदारांनीं मिश्रणाची रीतच गुप्त ठेवली होती. एका प्रचलित किल्लींतील गुप्त आंकडा ४० द्विमान अंकांचा होता. म्हणजे शक्यता एक लाख कोटींहून अधिक. २००५ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ व आरएसए प्रयोगशाळा यांतील संशोधकांनीं ती रीत बाहेरून तर्कानें हुडकली आणि सोळा चकत्यांच्या यंत्रानें तासाभराच्या आंत गुप्त आंकडा शोधून दाखविला. पुढें बर्मिंगहॅम व नायमेखन येथील संशोधकांनीं दुसऱ्या एका किल्लीचें वैगुण्य शोधलें व तें चकतीच्या कारखानदाराला आधीं कळविलें. तरीहि २०१३ सालीं लंडनच्या उच्च न्यायालयानें त्यांच्या निबंधास मनाई केली. निबंध प्रसिद्ध झाल्यास चोरांच्या हातीं हत्यार जाईल, हें न्यायालयाचें भय अनाठायीं म्हणतां येत नाहीं; रस्त्यावर उभ्या असलेल्या लक्षावधि मोटारी एका रात्रींत बदलतां येत नाहींत. पण ती रीत २००९ पासून बाजारांत मिळणाऱ्या एका साधनांतून हुडकतां येत होती, हेंहि खरें. अखेर एक वाक्य गाळून तो निबंध २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. १८५१ चा आक्षेप आणि १८५१ चें उत्तर, दोन्ही जशींच्या तशीं परत आलीं होतीं.

या वादाचा निर्णय काय? १९९७ सालीं अमेरिकन सरकारच्या मानक संस्थेनें नव्या सांकेतिक रीतीसाठीं जगाला जाहीर आमंत्रण दिलें. आलेल्या पंधरा रीती उघड्यावर मांडल्या आणि त्या फोडून पाहण्यास साऱ्या तज्ज्ञांना बोलावलें. २००० सालीं बेल्जियमच्या दोघा गणितज्ञांची रीत निवडली गेली. आज अनेक नव्या मोटारींच्या किल्ल्यांत तीच असते. पिकॅडिलीच्या खिडकींतील आव्हानाचेंच हें मोठें रूप नव्हे काय?

चोरहि स्वस्थ बसलेला नाहीं. घरांत खुंटीला टांगलेल्या बिनस्पर्शाच्या किल्लीचा आवाज दोन यंत्रांनीं दारच्या गाडीपर्यंत पोंचवून तो गाडी नेतो. प्रश्न खरा, उत्तर खरें. खोटें असतें तें अंतर. यावरहि उपाय निघत आहेत, आणि ते निघतात, कारण कोणीतरी ही युक्ति आधीं उघड करून दाखविली. तेव्हां किल्लीवाल्याची किल्ली गाडीनें नाकारली, तर त्या बिचाऱ्यावर रागावूं नये. आणि आमचें कुलूप कोणालाच उघडत नाहीं असें कोणी सांगितलें, तर त्याला एकच विचारावें: खिडकींत ठेवतां काय?