साखळीतून सुटलेला गडी

कुरखेड्याच्या आसपास कबड्डी खेळली जात नाही असे गाव विरळाच. चढाईला जाणारा गडी एकटा असतो. त्याला धरणारी साखळी मात्र हातात हात गुंफूनच उभी राहते. म्हणून बळाविषयी बोलताना आम्ही या खेळापासूनच आरंभ करतो.

१९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्यांत कबड्डीही होती. विदर्भाला याचा अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. परंतु त्याच वेळी जर्मनीत १९३३ चा एक कायदा अंमलात होता. ज्यांची बुद्धी जन्मतः मंद ठरवली जाई, त्यांची त्याखाली सक्तीने नसबंदी होत असे. पुढे १९४० व १९४१ या दोन वर्षांत अशा माणसांना आणि मनोरुग्णांना विषारी वायूने मारण्यात आले. त्यांची संख्या ७० हजारांवर गेली. बळाची पूजा करणाऱ्या राज्याने दुबळा कोण, हे कागदावर ठरवले होते.

महायुद्ध चालू असतानाच, १९४४ साली, मुंबईत एका दांपत्याने आपल्या मुलीसाठी शाळा काढली. तीच पुढे जय वकील शाळा म्हणून नावारूपास आली. १९६२ साली अमेरिकेत युनिस केनेडी श्रायव्हर यांनी अशा मुलांसाठी आपल्या घराच्या आवारात खेळांचे शिबिर भरवले. त्यातूनच २० जुलै १९६८ रोजी शिकागोत पहिले स्पेशल ऑलिंपिक झाले. आणि जून २०२३ मध्ये या खेळांचा जागतिक मेळावा बर्लिनलाच भरला. उद्घाटन १९३६ च्याच क्रीडागारात झाले. भारताच्या खेळाडूंनी २०२ पदके आणली, त्यांत ७६ सुवर्ण.

आता शरीराचा प्रश्न. बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांच्या मुठीची पकड आणि पायांचे बळ पुष्कळदा कमी भरते, हे मोजमापांत दिसते. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू व सांधे मुळातच सैल असतात. तेथे हृदय आणि मान डॉक्टरांना दाखवूनच मैदानात उतरवावे. परंतु उरलेला मोठा दोष बसवून ठेवल्याचा आहे. आठवड्यातून दोनतीनदा वजनाचा नियमित व्यायाम घेतला की बळ वाढते, हेही मोजमापांतच दिसते. संघात खेळणाऱ्याला सरावाला येण्यासाठी कारण मिळते आणि सोबतीही मिळतात. म्हणूनच स्पेशल ऑलिंपिकमध्ये अपंगत्व असलेले व नसलेले गडी एकाच संघातूनही खेळतात.

आमच्या तरुणपणी तेंदूच्या हंगामात ट्रकवर पोती चढवणारा असा एक गडी होता. पोते इतरांइतकेच उचली. मजुरी मात्र अर्धी. आम्ही समान मजुरीची भाषणे करीत होतो, आणि आमच्या सभासदांच्या वहीत त्याचे नाव नव्हते. संध्याकाळी कबड्डीला तो रेघेबाहेर बसून आमचे कपडे सांभाळी. त्याला खेळतोस का, असे आम्ही एकदाही विचारले नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळात भाग घेण्याचा त्याचा हक्क मानला आहे. कायदा मैदानाच्या रेघेपर्यंत आणून सोडतो. रेघेच्या आत हात धरून घेण्याचे काम संघाचे. येत्या हंगामात गावोगाव सामने होतील. रेघेबाहेर कोण बसले आहे, हे आपण खेळ मांडण्याआधी पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.