जोधपूर : किल्ला, राजवाडे व तलाव

राजस्थानातील एक ऐतिहासिक शहर, पूर्वीच्या मारवाड संस्थानाची राजधानी व जोधपूर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सुमारे १० लाख ३४ हजार (२०११). थरच्या वाळवंटाच्या पूर्व कडेला वसलेल्या या शहरात वर्षाकाठी सरासरी ३६ सेंमी.च्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. राजस्थान उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ, हवाई दलाचा तळ आणि शुष्क प्रदेशातील शेतीवर काम करणारी ‘काझरी’ ही केंद्रीय संशोधन संस्था (१९५९) येथे आहे. प्रवासी येतात ते मेहरानगड किल्ला व उमेद भवन राजवाडा पाहायला. तलाव वाटेत लागले तर लागले. पण येथील पाण्याची व्यवस्था समजून घेतल्याशिवाय किल्ला तेथेच का बांधला, हे नीट कळत नाही.

राठोड घराण्यातील राव जोधाने १४५९ मध्ये मंडोर ही जुनी राजधानी सोडून दक्षिणेच्या उंच टेकडीवर नव्या किल्ल्याचा पाया घातला. तेथे राहणाऱ्या चिडियानाथ या साधूला जागा सोडावी लागली आणि जाताना त्याने या भूमीला पाण्याच्या दुर्भिक्षाचा शाप दिला, अशी दंतकथा आहे. शापाचा परिहार म्हणून राजिया भांबी नावाच्या माणसाला किल्ल्याच्या पायात जिवंत पुरले, असेही परंपरा सांगते. त्याचे स्मारक आज किल्ल्यावर आहे.

मारवाडच्या इतिहासाचे धागे महाराष्ट्राशी अनेकदा गुंतले. महाराजा जसवंतसिंह शायिस्ताखानाबरोबर दख्खनेत आला आणि १६६३-६४ मध्ये कोंढाण्याला वेढा घालून हात हलवत परतला. तो १६७८ मध्ये वारल्यावर औरंगजेबाने जोधपूर ताब्यात घेतले. त्या झगड्यात मारवाडचा सरदार दुर्गादास राठोड औरंगजेबाचा मुलगा शाहजादा अकबर याला घेऊन १६८१ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला कोकणात आला. पुढच्या शतकात पारडे फिरले. जयाप्पा शिंदे नागौरला मारवाडचा राजा विजयसिंह याला कोंडून बसला असता १७५५ मध्ये छावणीतच दग्याने मारला गेला. १७९० मध्ये मेडत्याच्या लढाईत द बॉइन या युरोपीय सेनानीच्या हाताखालील महादजी शिंद्यांच्या पलटणींनी राठोडांचा पराभव केला आणि अजमेर मारवाडच्या हातून गेले. १८१८ मध्ये संस्थानाने इंग्रजांशी तह केला व १९४९ मध्ये ते राजस्थानात विलीन झाले.

मेहरानगड : शहरापासून सुमारे १२० मी. उंचीच्या टेकडीवर हा किल्ला उभा आहे. टेकडी रायोलाइट या ज्वालामुखीजन्य खडकाची. तट इतके सरळ वर गेले आहेत की खडक कोठे संपला आणि बांधकाम कोठे सुरू झाले, हे काही ठिकाणी खालून ओळखता येत नाही. जयपूर व बिकानेरच्या फौजा परतवल्याच्या आठवणीसाठी महाराजा मानसिंहाने जय पोळ (पोळ म्हणजे दरवाजा) बांधली; मोगलांकडून जोधपूर परत मिळवल्यावर अजितसिंहाने फतेह पोळ. डेढ कांगरा पोळेवर तोफगोळ्यांच्या खुणा आजही दिसतात. लोहा पोळेपाशी वाट काटकोनात वळते, म्हणजे हत्तीला धावत येऊन दरवाजावर धडक देता येऊ नये. शिवाय फळ्यांवर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला लोखंडी खिळे आहेत. याच दरवाजाशेजारी भिंतीत सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे छोटे छोटे ठसे आहेत. त्यांना अजूनही शेंदूर लागतो, फुले वाहिली जातात. ते पाहून कौतुक वाटावे असे त्यात काही नाही.

आत मोती महाल (सूरसिंहाची कारकीर्द, १५९५–१६१९), सोन्याच्या नक्षीचा फूल महाल (अभयसिंह), रंगीत काचगोळे छताला टांगलेला तखत विलास (तखतसिंह) आणि जनान्यातील स्त्रियांना चौकातले समारंभ पाहता यावेत म्हणून दगडी जाळ्या लावलेला झाँकी महाल आहे. संग्रहालयातील हौदे व पालख्या आवर्जून पाहाव्यात. दक्षिण टोकाच्या चामुंडा मंदिरात ३० सप्टेंबर २००८ रोजी नवरात्रात झालेल्या चेंगराचेंगरीत दोनशेहून अधिक भाविक मेले.

तलाव व झालरे (पायऱ्यांच्या विहिरी) : रायोलाइटमधून पाणी सहसा मुरत नाही, खडकावरून घसरते. हेच हेरून टेकड्यांच्या उतारांवर चर खोदले गेले आणि पावसाचा थेंब न् थेंब पायथ्याच्या तलावांकडे वळवला गेला. किल्ल्याच्या पश्चिम अंगाचा राणीसर तलाव राव जोधाची राणी जसमादे हाडी हिने बांधवला. ते पाणी किल्ल्यासाठी राखीव; रहाटांनी ते वर चढवले जाई. राणीसर भरला की सांडवा पदमसर तलावात जाई आणि ते पाणी गावाचे. शहराच्या मध्यभागी गुलाब सागर आहे. तो विजयसिंहाची पासवान (रखेल) गुलाबराय हिने बांधवला. राज्यकारभारात तिचा इतका शब्द चाले की सरदारांनी १७९२ मध्ये तिचा खून करवला.

या बांधकामांत तूरजी का झालरा पाहण्याजोगा. १७४० च्या दशकात अभयसिंहाच्या राणीने तो बांधवला. तांबूस वालुकाश्माच्या पायऱ्या तिन्ही बाजूंनी तिरप्या उतरत जातात, कोनाड्यांत देवता आहेत आणि एका बाजूस रहाटाची जागा आहे. अनेक दशके तो राडारोड्याने व घाण पाण्याने भरलेला होता. साफसफाईनंतर आता मोहल्ल्यातील मुले वरच्या कठड्यावरून त्यात सूर मारतात.

उत्तरेकडील बालसमंद तलाव बाराव्या शतकातील, म्हणजे शहराहून तीनशे वर्षांनी जुना. त्याचे पाणी मंडोरला जाई. पश्चिमेकडील कायलाना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. आता त्यात राजीव गांधी उपसा कालव्याने इंदिरा गांधी कालव्याचे, म्हणजे मुळात पंजाबातल्या नद्यांचे पाणी येते. हे पाणी आल्यावर शहराने विहिरी व झालरे टाकून दिले, उपसा थांबला आणि भूजल चढू लागले. ज्या गावाला पाण्याच्या शापाची कथा चिकटली आहे, त्याच्या जुन्या बाजारपेठेतल्या तळघरांतून आज पंप लावून पाणी काढावे लागते.

उमेद भवन : छीतर टेकडीवरील हा राजवाडा महाराजा उमेदसिंहाने १९२९ मध्ये सुरू करून १९४३ मध्ये पुरा केला. वास्तुकार हेन्री लँचेस्टर, खोल्या ३४७. वालुकाश्माचे चिरे चुन्याविना खाचेत खाच बसवून रचले आहेत. दुष्काळाने गांजलेल्या रयतेला मजुरी मिळावी म्हणून हे काम काढले, असे सांगतात. मजुरी मिळाली हे खरे. पण दुष्काळी कामातून तलाव न होता राजवाडा झाला, हेही खरे. लंडनहून निघालेले सामान महायुद्धात जहाजासह बुडाले, तेव्हा पोलंडमधून निर्वासित होऊन आलेल्या स्टेफान नॉर्ब्लिन या चित्रकाराकडून सजावट करून घेण्यात आली; दरबारी दालनातील रामायणाची चित्रे त्याचीच. उमेदसिंह १९४७ मध्ये वारला. आज एका भागात राजघराणे, एका भागात हॉटेल व एका भागात संग्रहालय आहे.

परिसर : जसवंत थडा (१८९९) ही मकराण्याच्या संगमरवरातील छत्री किल्ल्याच्या वाटेवर लागते. मंडोर (सुमारे ९ किमी.) येथे राठोड राजांची देवळासारखी शिखरे असलेली स्मारके आहेत, लोक या गावाला मंदोदरीचे माहेर मानतात. आग्नेयेस सुमारे २५ किमी.वर खेजडली गाव आहे. अभयसिंहाच्या वाड्यासाठी चुनाभट्टीला लाकूड हवे म्हणून १७३० मध्ये येथील खेजडीची (शमीची) झाडे तोडायला माणसे आली, तेव्हा अमृतादेवीसह बिष्णोई पंथाचे ३६३ लोक झाडांना मिठी मारून कापले गेले. राजवाडे पाहणाऱ्याने येथे जावेच.

भेटीस ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा; मे-जूनमध्ये तापमान ४५° से.च्या आसपास जाते. मेहरानगडावर लिफ्टची सोय आहे, पण तिने थेट वर गेल्यास दरवाज्यांची चढण व लोहा पोळ चुकते. पाय धड असतील तर जय पोळेपासून चालतच चढावे.