बांधापर्यंतचा रस्ता

घाटावरच्या कापसाच्या गाड्या बोथ्याच्या जंगलातून रातभर उतरायच्या आणि पहाटे खामगावात शिरायच्या, हे आबांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं. रांग तुंबली की मागचे गाडीवान खोळंबत नसत. ओळखीच्या बोळात बैल वळवून दुसऱ्या अंगाने बाजार गाठत. चिखलीची वाट काय, बाळापूरची काय, गावात शिरली की एकमेकींना कुठेतरी भेटायचीच.

नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मात्र खामगाव टाळून नांदुरा, जलंब, शेगाव असा गेला. कापसासाठी मग जलंबहून १३ किलोमीटरचा फाटा आणला. १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते तो सुरू झाला. आजही तो खामगावातच संपतो. पुढे जालन्याला जोडा, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे.

जिनिंग-प्रेसिंग वाढलं, मजुरांच्या वस्त्यांचे फैल वसले. घरं दाटीची, पण बोळ उघडे. आजी घाटपुरीच्या देवीला निघाली की वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर थांबायची, तरी आमच्या आधी पोचायची.

मग गावालगतची शेतं विकली जाऊ लागली. एका शेताचा एक लेआऊट. आत काटकोनात रस्ते, प्लॉट, ओपन स्पेस; कागदावर सगळं नियमात. शेजारचं शेत काही वर्षांनी विकलं गेलं, तेव्हा त्या मालकाने आपले रस्ते आपल्या सोयीने काढले. दोहोंच्या मध्ये कुंपणभिंत. जुनी पांदणही प्लॉटांत गडप झाली. अशाच एका लेआऊटमधल्या आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून शाळेचं पटांगण दिसतं, पण पोरांना हमरस्त्यावर येऊन ट्रकांच्या कडेने जावं लागतं. कुणीतरी भिंतीच्या चार विटा काढतं. पोरं आधी दप्तर पलीकडे टाकतात, मग अंग चोरून शिरतात. काही दिवसांत खिंडार पुन्हा बुजतं.

याचा मला संताप येतो, कारण इलाज अवघड नाही. १९६६च्या नगररचना कायद्यामुळे विकास आराखड्यात मोठे रस्ते आखले जातात. पण जमीन ताब्यात येईपर्यंत ते रस्ते म्हणजे नकाशावरच्या रेघाच. लहान रस्त्यांसाठी तेवढं थांबायची गरज काय? लेआऊट मंजूर करतानाच आतला एक तरी रस्ता थेट बांधापर्यंत न्यायला लावावा, त्याच्या तोंडाशी प्लॉट पाडू देऊ नये, आणि शेजारचं शेत विकलं जाईल तेव्हा तिथला पहिला रस्ता त्यालाच जोडून घ्यावा. आमच्या भिंतीपाशी एवढं झालं असतं, तर शाळा पाच मिनिटांवर होती.