युक्रेनी लोककथांतील बालवीर

युक्रेनच्या जुन्या खेड्यात घराचे हृदय म्हणजे मातीने लिंपलेली मोठी भट्टी. तिला 'पीच' म्हणतात. तिच्यात भाकरी भाजली जाई आणि हिवाळ्यात तिच्या उबेला मुले झोपत. लोककथांतील बालवीरांची कसोटीही अनेकदा याच भट्टीपाशी लागते. मात्र मुलाची कसोटी निराळी आणि मुलीची निराळी.

इवासिक तेलेसिक हा निपुत्रिक वृद्ध दांपत्याचा मुलगा. पाळण्यात जोजवलेल्या लाकडाच्या तुकड्यातून तो जन्मला. तो नावेतून मासे धरतो आणि आईची हाक ऐकली की तीराला येतो. दुष्ट सर्पिणी लोहाराकडून आईसारखा बारीक आवाज घडवून घेते व त्याला पळवून नेते. तिची मुलगी ओलेन्का त्याला भट्टीत घालू पाहते. परंतु फावड्यावर कसे बसावे ते तूच दाखव, असे म्हणून तो तिलाच आत ढकलतो. शेवटी थव्यामागे पडलेले एक दुबळे हंसाचे पिलू त्याला घरी पोहोचवते.

दुसऱ्या एका कथेत सावत्र आईने छळलेली म्हाताऱ्याची मुलगी चाकरी शोधण्यास निघते. वाटेत एक मोडकळलेली भट्टी तिला लिंपण्याची विनवणी करते. मुलगी माती कालवून तिला लिंपते. आजारी कुत्र्याची शुश्रूषा करते, विहीर उपसते. परतताना तीच भट्टी तिला खाऊ देते. सावत्र बहीण मात्र हात मळतील म्हणून नकार देते आणि रिकाम्या हाताने परतते.

एकाच भट्टीपाशी मुलगा शत्रूला जिंकतो, त्याला शौर्य म्हणतात. मुलगी मोडलेले सांधते, त्याला केवळ सुस्वभाव म्हणतात. वाटाण्यापासून जन्मलेला कोतिहोरोश्को गदा घडवून नागाला मारतो. त्याची बहीण मात्र सुटकेची वाट पाहत राहते. वस्तुतः अनोळखी रानवाटेवर एकटीने निघालेल्या मुलीचे धैर्य काही उणे नव्हे.

ही विभागणी लोकांनाही पूर्णपणे मान्य नसावी. 'शहाणी मुलगी' या कथेतील मारुस्या ही गरिबाची लेक. जगात सर्वांत पोषक, वेगवान आणि गोड काय, असे जमीनदार विचारतो. भूमी, विचार आणि झोप, असे उत्तर ती बापाकरवी धाडते. उकडलेल्या अंड्यांतून पिले काढण्याचा हुकूम येताच पिलांच्या दाण्यासाठी ती शिजवलेले धान्य पेरण्यास पाठवते. येथे तलवार नाही, गदा नाही. तरी सत्ताधारी निरुत्तर होतो.

या कथा आज उपलब्ध आहेत, यामागेही धैर्यच आहे. इव्हान रुदचेन्को यांनी 1869 व 1870 मध्ये कीव्ह येथे लोककथांचे दोन खंड प्रसिद्ध केले. पाव्लो चुबिन्स्की यांच्या संशोधन मोहिमेचे सात खंड 1872 ते 1878 या काळात निघाले. याच सुमारास, 1876 मध्ये, झार दुसरा अलेक्झांडर याने एम्स येथून काढलेल्या फर्मानाने युक्रेनी भाषेतील मुद्रणावर कडक निर्बंध घातले. परंतु भट्टीच्या उबेला बसून मुलांना कथा सांगणाऱ्या आजीचे तोंड कोणत्याही फर्मानाला बंद करता आले नाही. ज्या घरकामाला कथेत वीरश्रीचे नाव मिळाले नाही, त्याच घरात वीरांच्या कथा जिवंत राहिल्या.