ड्युअल-बँड वाय-फाय

ड्युअल-बँड वाय-फाय म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ या दोन वारंवारता पट्ट्यांवर चालणारे बिनतारी जाळे होय. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींपलीकडे अधिक चांगल्या पोहोचतात. ५ गिगाहर्ट्‌झवर वेग अधिक मिळतो.

उपकरणांची जोडणी

अनेक स्मार्ट प्लग व दिव्यांमध्ये ईएसपी८२६६ सारखी केवळ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारी चिप असते. मोबाइल ५ गिगाहर्ट्‌झवर असल्यास अशा काही उपकरणांची पहिली जोडणी अयशस्वी ठरते. तेव्हा राउटरवरील ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा तात्पुरता बंद करतात किंवा दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे देतात. दोन्ही पट्टे सामान्यतः एकाच स्थानिक जाळ्याचे भाग असतात. त्यामुळे जोडणीनंतर मोबाइल पुन्हा ५ गिगाहर्ट्‌झवर नेला, तरी उपकरणाचे नियंत्रण चालू राहते. राउटरवर केवळ डब्ल्यूपीए३ सुरक्षा निवडलेली असल्यास मात्र ती न जाणणारी जुनी उपकरणे जोडली जात नाहीत.