नळाचा वायु आणि वासाचा पहारा

घरांत नळानें पाणी यावें याचें आपणांस आतां नवल राहिलेलें नाहीं. त्याच रीतीनें स्वयंपाकाचा वायुहि नळानें यावा, हें मात्र कोल्हापूरकरांस अद्यापि नवें आहे. २०१३ सालीं सुरू झालेली दाभोळ-बंगळूर वायुवाहिनी आपल्या जिल्ह्यांतून जाते, आणि अलीकडे शहराच्या कांहीं भागांत घरांच्या भिंतींवर वायूचे नळ व लहानशीं मीटरें दिसूं लागलीं आहेत. ज्यांच्या घरीं हा नळ आला त्यांच्यांतील पुष्कळांची अशी समजूत आहे, कीं टाकी गेली आणि नळ आला, यापलीकडे कांहीं बदललें नाहीं. ही समजूत चुकीची आहे. टाकींतील वायु व नळांतील वायु हे दोन निराळे पदार्थ आहेत. त्यांचे स्वभाव निराळे, म्हणून त्यांच्याशीं वागण्याची रीतहि निराळी. हा भेद ध्यानांत यावयाचा तर थोडा इतिहास पाहणें अवश्य आहे.

दगडी कोळसा बंद भांड्यांत तापविला असतां जो वायु निघतो त्यानें घर उजळतां येतें, हें विल्यम मर्डॉक या स्कॉटिश यंत्रज्ञानें १७९२ च्या सुमारास कॉर्नवॉलमधील रेडरुथ येथें, आपल्या राहत्या घरांतच, करून दाखविलें. पुढें वीस वर्षांनीं, १८१२ सालीं, लंडनमध्यें हा वायु नळानें पुरविणारी कंपनी राजाची सनद घेऊन उभी राहिली. आपल्या मराठी मुलखांत ही विद्या प्रथम मुंबईस आली. बॉम्बे गॅस कंपनी १८६२ सालीं स्थापन झाली, आणि १८६५ च्या ऑक्टोबरांत भेंडीबाजार, एस्प्लनेड व चर्चगेट स्ट्रीट या भागांत रस्त्यावरचे गॅसचे दिवे पेटले. दिवे लावणारा मनुष्य एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जाई, आणि त्याच्या पाठोपाठ बघ्यांचा घोळका तोंडांतून अवाक्षर न काढतां चाले, असें त्या वेळचें वर्णन आहे. तेल नाहीं, वात नाहीं, आणि ज्योत मात्र आहे! त्या लोकांस हें गारूड वाटलें असेल तर त्यांना कोण हंसेल?

लालबागेकडील कारखान्यांत तयार होणारा हा वायु पुढें मुंबईच्या कित्येक स्वयंपाकघरांतहि पोंचला. त्याचा निम्म्याच्या आसपास भाग हायड्रोजनचा, त्याखालोखाल मिथेनचा, आणि थोडा अंश कार्बन मोनॉक्साइडचा असे. हा शेवटचा घटक प्राणघातक विष होय. परंतु एक गोष्ट त्या वायूंत चांगली होती. कोळशांतील गंधकयुक्त द्रव्यांमुळें त्याला स्वभावतःच उग्र दर्प असे, आणि तोटी उघडी राहिली तर घरांतील माणसांस तें नाकानेंच कळे. चोर स्वतःच आरोळी ठोकीत येई म्हणा ना!

कोल्हापुरांत हा कोळशाचा वायु आला नाहीं. माझ्या लहानपणीं येथें ‘गॅस’ म्हणजे वरातीपुढें डोक्यावर धरलेली गॅसबत्ती. ती वास्तविक रॉकेलवर चाले. तिच्यांतील जाळीची पिशवी, म्हणजे मँटल, हा तेवढा खऱ्या गॅसच्या दिव्यांचा वारसा. आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानें ती १८८५ सालीं शोधून काढली. खरा नळाचा वायु आपल्या जिल्ह्यांत आला तो शहरांत नव्हे, खेड्यांत, आणि तोहि गोठ्यांतून. करवीर, कागल, भुदरगड या बाजूंस ज्यांचे आप्त आहेत त्यांनीं परसांतील गोबरगॅसचा खड्डा आणि तेथून चुलीपर्यंत आलेली नळी पाहिली असेल. शहरी मंडळी तिच्याकडे किंचित् तुच्छतेनें पाहत. पण या वायूंतील निम्म्याहून अधिक भाग मिथेनचा असतो, आणि आज शहरांत येणारा नैसर्गिक वायु म्हणजेहि बव्हंशीं मिथेनच. ज्योत फडफडूं लागली कीं नळींत बाष्पाचें पाणी सांचलें, तें काढून टाकलें पाहिजे, हें खेड्यांतील गृहिणी कोणत्याहि पुस्तकावांचून ओळखते. नळाची निगा राखण्याची विद्या या जिल्ह्यास अगदींच अपरिचित आहे असें म्हणतां येत नाहीं.

शहरांत मात्र टाकी आली. बर्मा-शेल कंपनीनें १९५५ सालीं मुंबईंत टाकींतून स्वयंपाकाचा वायु विकण्यास आरंभ केला, आणि कालांतरानें चुली, शेगड्या व स्टो यांची जागा या टाकीनें घेतली. टाकींतील वायु प्रोपेन व ब्यूटेन यांचा असून तो हवेहून दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला तर तो पाण्यासारखा खालीं उतरतो, ओट्याखालीं व जमिनीलगत पसरतो. म्हणून दार उघडावें, जमिनीलगतची हवा बाहेर जाऊं द्यावी, अशी शिकवण आपल्या घरोघर रुजली. ती त्या वायूपुरती योग्यच होती.

आतां नैसर्गिक वायु पाहा. मिथेन हवेच्या निम्म्याहून थोडाच अधिक जड, म्हणजे हवेपेक्षां बराच हलका. गळला तर तो वर चढतो आणि छताखालीं सांचतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा पांच ते पंधरा झालें कीं एका ठिणगीनें स्फोट होतो. जुन्या वाड्यांतून छतालगत झरोका असे, माथ्यावर धुराडें असे. नव्या सदनिकांत धूळ व डांस नकोत म्हणून वरचा झरोका कांच लावून बंद करतात, किंवा त्याच्यापुढें डबे रचून ठेवतात. ज्या घरीं नळ आला आहे तेथें हा झरोका प्रथम मोकळा करावा. येथें तोच मुख्य दरवाजा समजावा.

दुसरा भेद वासाचा. जमिनींतून निघालेल्या शुद्ध नैसर्गिक वायूला वास जवळजवळ नसतोच. त्याला दुर्गंध मुद्दाम लावावा लागतो, आणि हा धडा जगानें फार मोठी किंमत देऊन घेतला. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत न्यू लंडन या गांवीं तेलाच्या उत्पन्नावर उभी राहिलेली एक संपन्न शाळा होती. इंधनाचा खर्च वाचावा म्हणून १९३७ च्या आरंभीं तिच्या चालकांनीं तेलविहिरींवरून जाणाऱ्या वाहिनींतील फुकटचा वायु शाळेंत घेतला. त्याला वास नव्हता. तो इमारतीच्या जमिनीखालच्या पोकळींत सांचत राहिला आणि कोणास कळलें नाहीं. १८ मार्च रोजीं, शाळा सुटण्याच्या सुमारास, हस्तव्यवसायाच्या वर्गांत एका शिक्षकानें लांकूड घांसण्याच्या विजेच्या यंत्राचें बटण दाबलें, आणि ती इमारत उडाली. सुमारें तीनशें जीव गेले. त्यांत बहुतेक मुलें. ज्यानें जन्मभर शाळेची घंटा ऐकली त्याला हा वृत्तांत वाचून पुढें कांहीं सुचत नाहीं. त्यानंतर लवकरच टेक्सासनें वायूला वास लावण्याची सक्ती केली, आणि ही रीत सर्वत्र पसरली. आज आपल्या नळांतून येणारा सडल्यासारखा दर्प हा मर्केप्टन जातीच्या द्रव्याचा असतो. तो आला असतां विजेचें कोणतेंहि बटण, चालू करण्यासाठीं वा बंद करण्यासाठीं, दाबूं नये. दोन्ही वेळां ठिणगी पडते. चावी बंद करावी, खिडक्या उघडाव्या, घराबाहेर पडावें आणि मग दूरध्वनि करावा.

ही चावी कोठें आहे हें मात्र घरांतील प्रत्येकास ठाऊक हवें. टाकीची गळती टाकी रिती झाली कीं आपोआप थांबते. नळाची गळती कोणी चावी फिरविल्यावांचून थांबत नाहीं. नळांतील दाब अगदीं थोडा, सुमारें एकवीस सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो, परंतु मागचा सांठा अखंड असतो. एक चावी शेगडीपाशीं व दुसरी मीटरपाशीं असते. मीटरपुढें कपाट आणून उभें करणारी घरें मीं पाहिलीं आहेत. याला काय म्हणावें?

इंग्लंडांत १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशाचा वायु जाऊन नैसर्गिक वायु आला, तेव्हां घरोघर कारागीर पाठवून सुमारें चार कोटी उपकरणें फिरवून घ्यावीं लागलीं. कारण शेगडीच्या तोंडांतील बारीक भोंक ज्या वायूसाठीं पाडलेलें असतें त्यालाच तें मानवतें. टाकीच्या शेगडीचें भोंक लहान असतें. नैसर्गिक वायूंत तितक्याच आकारमानांत उष्णता पुष्कळ कमी, म्हणून त्यास मोठें भोंक लागतें. हें काम पुरवठा करणाऱ्यांच्या माणसाकडूनच करवावें, शेजारच्या हुशार मुलाकडून नव्हे. ज्योत निळी व स्थिर असावी. शाळेंतील बुन्सेनचा दिवा ज्यांना आठवत असेल त्यांना सांगावयास नको, कीं हवा कमी पडली म्हणजे ज्योत पिवळी होते, भांडीं काळीं पडतात, आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो.

सांधे हें नळाचें मर्मस्थान. लंडनच्या रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतींत १६ मे १९६८ रोजीं पहांटे अठराव्या मजल्यावर एका बाईनें चहासाठीं काडी ओढली, आणि स्फोट होऊन इमारतीचा एक सबंध कोपरा वरपासून खालपर्यंत ढांसळला. चार माणसें मेलीं. इमारतीची बांधणी कच्ची होती हें खरें. पण वायु गळला तो शेगडीस नळी जोडणाऱ्या एका हलक्या प्रतीच्या पितळी नटामधून, असें चौकशींत ठरलें. म्हणून रबरी नळीवरील मुदतीची तारीख वाचावी, तडा दिसल्यास तारखेची वाट पाहूं नये, आणि सांध्यांवर अधूनमधून साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कीं काय तें पाहावें. काडी लावून गळती शोधण्याची पद्धत अजून कोठें कोठें आढळते, ती तात्काळ सोडावी. नळावर ओलीं फडकीं वाळत घालूं नयेत, आणि शोभेसाठीं तो गिलाव्यांत पुरूं नये.

राहतां राहिला न्हाणीघरांतील गॅसचा बंब. येथें वासाचा पहारा चालत नाहीं, कारण वासाचें द्रव्य ज्योतींत जळून जातें आणि मागें राहणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना गंध. दार-खिडकी लावून केलेलें स्नान यामुळें कित्येकांस भोंवलें आहे. असा बंब न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेंत बसवावा, जळलेला वायु बाहेर नेणारी त्याची नळी पक्षांच्या घरट्यांनीं बुजली नाहीं ना हें पाहावें, आणि स्नानाच्या वेळीं डोकें जड होऊं लागलें तर पाणी तसेंच टाकून बाहेर यावें.