टायर केव्हा बदलावा? १९४२ च्या अमेरिकेतील उत्तर

(१/८) १ डिसेंबर १९४२ पासून संपूर्ण अमेरिकेत पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. पूर्व किनारा वगळता तिथे पेट्रोलची मोठी टंचाई नव्हती. सरकारला वाचवायचे होते ते रबर. पेट्रोल कमी मिळाले की मोटारी कमी धावतील आणि टायर कमी झिजतील, असा हा हिशेब होता.

(२/८) अमेरिकेला लागणारे सुमारे ९० टक्के नैसर्गिक रबर आग्नेय आशियातून येत असे. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत मलाया, सिंगापूर व डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेले. लष्कराचे ट्रक आणि विमाने ज्या रबरावर धावत, त्याचा मूळ स्रोतच तुटला.

(३/८) हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी नव्या टायरांची विक्री रोखण्यात आली. ५ जानेवारी १९४२ पासून त्यांचे रेशनिंग लागू झाले. युद्धकाळात अमेरिकेत सर्वांत आधी रेशनिंगखाली आलेली वस्तू साखर नव्हती, टायर होता. डॉक्टर, रुग्णवाहिका, अग्निशमन दल, टपाल अशा अत्यावश्यक कामांना प्राधान्य मिळाले. सामान्य मोटारमालकाला नवा टायर जवळजवळ मिळेनासा झाला.

(४/८) पात्र व्यक्तीलाही स्थानिक रेशनिंग मंडळाकडे अर्ज करावा लागे. टायर गुळगुळीत झाला, एवढे कारण पुरत नसे. तो दुरुस्त किंवा रिमोल्ड करता येण्याजोगा उरलेला नाही, हे तपासणीत सिद्ध व्हावे लागे.

(५/८) रिमोल्डिंग म्हणजे झिजलेला वरचा थर खरवडून त्यावर नवे रबर चढवणे आणि साच्यात तापवून ते पक्के करणे. मात्र त्यासाठी आतील सुती धाग्यांचे थर शाबूत असावे लागत. धागे उघडे पडेपर्यंत ताणलेला टायर कायमचा बाद होई. वेळीच उतरवलेल्या टायरला दुसरे आयुष्य मिळे. काटकसर करायची, तर टायर केव्हा उतरवायचा हे कळणे आवश्यक होते.

(६/८) वेग वाढला की टायर तापतो आणि लवकर झिजतो. म्हणून ताशी ३५ मैलांची (सुमारे ५६ किमी) मर्यादा आली. हवा योग्य ठेवा, चाकांची अदलाबदल करा, शेजाऱ्यांसह एकाच मोटारीतून कामावर जा, असा प्रचार झाला. एका मोटारीमागे पाचच टायर बाळगण्याची मुभा होती. उरलेले सरकारला विकावे लागत.

(७/८) जून १९४२ मध्ये पौंडाला एक सेंट दराने जुने रबर गोळा करण्यात आले. लोकांनी टायर, पावसाळी बूट, बागेच्या नळ्या आणून दिल्या. परंतु या रबराचा दर्जा हलका होता. खरा तोडगा कृत्रिम रबराने दिला. १९४५ पर्यंत त्याचे वार्षिक उत्पादन ७ लाख टनांपलीकडे गेले. त्या वर्षअखेरीस टायरांचे रेशनिंग संपले.

(८/८) आज हा निर्णय मालकाच्या हाती आहे. टायरच्या खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीला आली की खाच अवघी १.६ मिमी उरते. भारतातही मोटारीसाठी हीच किमान मर्यादा आहे. रस्त्यावरचे पाणी बाजूला सारण्याचे काम या खाचा करतात. त्या बुजल्या की ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबूनही मोटार घसरत जाते. १९४२ मध्ये उशीर केला तर टायर हातचा जाई. आज जिवावर बेतू शकते.